बंद खोलींतील विस्तव

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत दिवसाचें ऊन आणि रात्रीचा गारवा यांत मोठें अंतर पडूं लागतें. वैशाखांत ज्या भिंती हात लावूं देत नाहींत, त्याच भिंती पौषाच्या पहांटे गार लागतात. कांहीं रात्रीं तर पारा दहा अंशांच्याहि खालीं उतरतो. दिवसभर कापूस वेचून आलेल्या मजुराला, पहांटे अभ्यासास उठलेल्या विद्यार्थ्याला, वृद्ध आजीला आणि चार दिवसांच्या तान्ह्या बाळाला ऊब ही अन्नाइतकीच आवश्यक वाटते. ऊब मिळविण्याचें मनुष्याचें सर्वांत जुनें साधन म्हणजे विस्तव. हा विस्तव बंद जागेंत आणला असतां काय घडतें, ह्याविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय साधा दिसतो. परंतु ह्याच साध्या विषयाच्या अज्ञानामुळें दर हिंवाळ्यांत देशांत ठिकठिकाणीं धडधाकट माणसें रात्रीं निजतात आणि सकाळीं उठत नाहींत. म्हणून विद्यार्थ्यांनीं तो समजून घ्यावा आणि घरीं वडील माणसांसहि समजावून सांगावा, अशी इच्छा आहे.

विस्तव हा मूळचा उघड्यावरचा सोबती आहे. शेताच्या धुऱ्यावर पऱ्हाटीच्या काड्यांची शेकोटी पेटवून चार माणसें भोंवतीं बसतात, तेव्हां त्या विस्तवाला लागणारी हवा चोहोंकडून येते आणि धूर आकाशांत निघून जातो. योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत, थंडीमुळें चाकरांनीं पेटविलेल्या कोळशांच्या विस्तवापाशीं पेत्र शेकत उभा असल्याचा उल्लेख आहे. हा प्रसंग आपण पेत्राच्या नाकारण्यासाठीं लक्षांत ठेवतों. परंतु तो विस्तव वाड्याच्या अंगणांत होता, हेंहि शुभवर्तमानांवरून कळतें. ज्या लोकांचा कोळशाशीं रोजचा संबंध होता, त्यांनीं रात्रभर जागावयाचें असतांना तो उघड्या अंगणांत पेटविला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे.

अडचण उत्पन्न होते ती, हा उघड्यावरचा सोबती आपण चार भिंतींच्या आंत नेतों आणि वारा येऊं नये म्हणून दारें-खिडक्या लावून घेतों तेव्हां. असे प्रसंग आपल्याकडे मुख्यत्वेंकरून तीन आहेत. पहिला, बाळंतिणीच्या किंवा निजण्याच्या खोलींतील कोळशाची शेगडी. दुसरा, न्हाणीघरांत पाणी तापविणारा गॅसचा बंब, ज्यास हल्लीं गिझर म्हणतात. तिसरा प्रसंग अगदीं नवा आहे. तो म्हणजे चाकांवरचें घर. आंत बिछाना, ओटा, पाण्याची टांकी अशी सोय केलेली मोटार घेऊन हिमालयाकडे प्रवासास जाणारीं कुटुंबें आतां महाराष्ट्रांतहि आढळतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा प्रवासास उत्तेजन देण्याचें धोरणहि स्वीकारलें. बर्फाच्या प्रदेशांत रात्र काढावयाची म्हटल्यावर, त्या गाडींत प्रोपेन गॅसची शेगडी बसवावी काय आणि बसविल्यास ती कशी बसवावी, हा प्रश्न त्यांच्यापुढें येतो. बाळंतिणीची खोली आणि हिमालयांतील मोटार यांत वरवर पाहतां कांहींच साम्य नाहीं. परंतु तिन्ही ठिकाणीं एकच नियम लागू पडतो. तो असा: ऊब आंत घ्यावी, पण विस्तवाचा श्वास बाहेर ठेवावा.

विस्तव श्वास घेतो असें म्हणणें केवळ अलंकारिक नाहीं. हवेच्या शंभर भागांत सुमारें एकवीस भाग प्राणवायु असतो. तोच घेऊन आपण जगतों आणि तोच घेऊन विस्तव जळतो. लांकूड, कोळसा, रॉकेल अथवा गॅस, जळण कोणतेंहि असो, त्यांतील कार्बनाचा प्राणवायूशीं संयोग होतो. हवा भरपूर असली म्हणजे कार्बनाचा एक अणु प्राणवायूचे दोन अणु घेतो आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली तर त्याला एकच अणु मिळतो, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा दुसराच वायु उत्पन्न होतो. एका अणूचा हा फरक. पण पहिला वायु आपण स्वतःच प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकीत असतों, आणि दुसरा थोड्या प्रमाणांतहि प्राणघातक विष आहे.

हवा अपुरी पडली म्हणजे ज्योत कशी बदलते हें पाहावयाचें असेल, तर घरांतील जुना कंदील पाहावा. त्याच्या बर्नरभोंवतीं बारीक भोंकांची जाळी असते. तीं भोंकें स्वच्छ असलीं म्हणजे ज्योत शांत व उजळ असते. तीं काजळीनें बुजलीं कीं ज्योत तांबडी होऊन फडफडूं लागते आणि कांच काळी पडते. गॅसच्या चुलीचेंहि तसेंच आहे. निळी ज्योत ही पुऱ्या ज्वलनाची खूण होय; पिवळी ज्योत आणि पातेल्याचा काळा होणारा बूड ही अपुऱ्या ज्वलनाची खूण होय. आपल्या घरची चूल कोणत्या रंगानें जळते हें प्रत्येक विद्यार्थ्यानें आजच पाहून ठेवावें.

कोळशाच्या शेगडीची गोष्ट याहून फसवी आहे. शेगडीच्या तळाशीं, जेथें झरोक्यांतून हवा शिरते, तेथें कोळसा नीट जळून कार्बन डायॉक्साइड होतो. हा वायु वर चढतांना लालबुंद निखाऱ्यांच्या थरांतून जातो. निखारा हा तापलेला कार्बनच. तो त्या वायूपाशीं असलेला निम्मा प्राणवायु ओढून घेतो, आणि वर येतो तो कार्बन मोनॉक्साइड. फुललेल्या शेगडीवर जी निळसर ज्योत नाचतांना दिसते, ती हाच वायु जळत असल्याची असते. पुढें निखाऱ्यांवर राख धरली, आंच मंदावली, कीं ती निळी ज्योत नाहींशी होते आणि वायु न जळतां खोलींत पसरूं लागतो. आपल्या घरांतील समजूत याच्या नेमकी उलट असते. शेगडी अंगणांत पेटवावयाची, धूर सरेपर्यंत वाट पाहावयाची, आणि निखारे लाल होऊन धूर थांबला म्हणजे आतां धोका टळला असें समजून ती खोलींत न्यावयाची. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस दार तरी उघडतो. निर्धूम निखारा डोळ्यांना झोंबत नाहीं, खोकला आणीत नाहीं. आणि म्हणूनच तो अधिक भयंकर आहे.

ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. त्याचें विष कसें चालतें हें समजण्यासाठीं हंगामांतील आपल्या कापसाच्या बाजाराचें उदाहरण घेऊं. रक्तांत हीमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. तें जणूं माल वाहणाऱ्या गाड्यांचा तांडा होय. फुप्फुसांत ह्या गाड्या प्राणवायु भरून घेतात, आणि मेंदू, हृदय, हातपाय यांना तो पोंचवून रिकाम्या परत येतात. कार्बन मोनॉक्साइड हा प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें हीमोग्लोबिनला चिकटतो. तो एकदां गाडींत चढला म्हणजे लवकर उतरत नाहीं. तांडा चालूच असतो, पण गाड्या परक्या मालानें भरलेल्या. मेंदूच्या दाराशीं प्राणवायु पोंचत नाहीं. हवेच्या दहा हजार भागांत ह्या वायूचे अवघे चार भाग असले, तर एकदोन तासांत डोकें दुखूं लागतें आणि तीन तासांनंतर जिवाला धोका उत्पन्न होतो. सोळा भाग झाले, तर वीस मिनिटांत डोकेदुखी व मळमळ सुरू होते आणि एकदोन तासांत मृत्यु येऊं शकतो. झोंपलेल्या माणसाला डोकेदुखी जाणवतहि नाहीं. झोंपेंतूनच तो बेशुद्धींत जातो. जागा असणाऱ्यालाहि पुष्कळदां धोका कळतो तेव्हां पायांतील बळ गेलेलें असतें. चार पावलांवरची कडी दिसत असते, पण उठून ती काढतां येत नाहीं.

हें ज्ञान मनुष्यानें कष्टानें मिळविलें आहे. रक्तावर ह्या वायूचा परिणाम कसा होतो हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञानें दाखविलें. जॉन स्कॉट हाल्डेन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १८९५ च्या सुमारास स्वतः तो वायु मापून हुंगला आणि आपल्या शरीराची अवस्था कसकशी होत गेली हें लिहून ठेवलें. कोळशाच्या खाणींत स्फोट झाल्यावर जे कामगार मरतात, त्यांतील पुष्कळ जण भाजून नव्हे तर ह्या वायूनें मरतात, हें त्यानें सिद्ध केलें. लहान प्राण्यांवर विषाचा परिणाम माणसाच्या आधीं होतो, म्हणून खाणींत उतरतांना पिंजऱ्यांत लहान प्राणी न्यावा अशी त्याची सूचना होती. त्यावरून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची वहिवाट पडली आणि ती १९८६ पर्यंत टिकली. आपल्या जिल्ह्यांत वणी तालुक्यांतील राजूर, उकणी, घोन्सा ह्या गांवांचीं नांवें कोळशाच्या खाणींमुळेंच सर्वांना ठाऊक आहेत. तेथील विद्यार्थ्यांना ह्या पक्ष्याची हकीकत विशेष आपलीशी वाटेल. श्रीमंती किंवा विद्वत्ता ह्या वायूपासून रक्षण करीत नाहीं. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हा १९०२ च्या सप्टेंबरांत पॅरिसमध्यें आपल्या राहत्या घरीं, निजण्याच्या खोलींतील विस्तवाचें धुराडें चोंदल्यामुळें, ह्याच वायूनें मरण पावला.

आतां आपल्या तीन प्रसंगांकडे वळूं. बाळंतिणीला शेक द्यावा, बाळाला ऊब द्यावी, ही आपल्या आजींची शिकवण प्रेमाची आहे, आणि नवजात बाळाला ऊब हवी हें वैद्यकशास्त्रासहि मान्य आहे. दोष उबेंत नाहीं, तो बंद दारांत आहे. बाजेखालीं शेगडी, वर ओव्याची व बाळंतशोपाची धुरी, खिडकीच्या फटींत बोळे, दाराला पडदा, आणि आंत आई व बाळ असा जेथें बेत असतो, तेथें विस्तव आणि दोन दुबळे जीव एकाच मोजक्या हवेवर जगत असतात. त्यांत बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षां जलद चालत असल्यानें विष त्याच्या रक्तांत अधिक लवकर भिनतें. गर्भवती स्त्री अशा खोलींत निजली तर पोटांतील बाळासहि धोका असतो. पूर्वीच्या कौलारू घरांत फटी पुष्कळ होत्या. कौलांतून, कुडांतून हवा खेळत असे, आणि ह्या ढिलेपणामुळेंच कित्येक जीव वांचले असतील. आजचें घर सिमेंटचें, वर स्लॅब, खिडकीला घट्ट बसणारी कांच. रीत जुनीच राहिली आणि घर मात्र बदललें. धोका वाढला तो ह्यामुळें.

यास्तव खोलींत शेगडी नेणें टाळावें हें उत्तम. बाळाला आईच्या अंगाशीं, तिच्या उघड्या छातीशीं धरून वरून पांघरूण घालावें. याहून चांगली शेगडी निर्माण झालेली नाहीं. डोक्याला टोपडें, पायांत मोजे, अंगावर सुती कपड्याचे दोन थर, आणि मोठ्यांसाठीं गोधडी किंवा रजई, एवढ्यानें आपल्याकडील थंडी सहज भागते. खोली तापवावयाचीच असेल तर ती आधीं, माणसें आंत नसतांना, दार उघडें ठेवून तापवावी. शेगडी बाहेर नेऊन ठेवावी, हवा पालटूं द्यावी, आणि मग निजावें. विस्तव घरांत ठेवून निजूं नये. विस्तवावर पाणी मारून तो खोलींतच विझवूं नये. आणि ज्या शेगडीवर केवळ राख दिसते, तीहि जिवंत आहे असेंच समजावें.

दुसरा प्रसंग न्हाणीघराचा. गॅसचा बंब अल्प वेळांत पुष्कळ पाणी तापवितो, म्हणजे अल्प वेळांत पुष्कळ गॅस जाळतो. न्हाणीघर मात्र घरांतील सर्वांत लहान खोली. आणि थंडीच्या दिवसांत तिची लहान खिडकीहि बंद. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा न्हाणीघरांत तरुण माणसें मरण पावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वारंवार येत असतात. दार आंतून लावलेलें असल्यानें हांक मारली तरी मदत वेळेवर पोंचत नाहीं. उपाय सोपा आहे. बंब न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या जागेंत बसवावा, आणि तापलेलें पाणी तेवढें नळीनें आंत आणावें. पाहा, नियम तोच आहे: ऊब आंत, श्वास बाहेर.

बाहेरगांवीं गेल्यावर तर अधिकच सावध असावें, कारण तेथील थंडी आणि तेथील साधनें दोन्ही आपल्या ओळखीचीं नसतात. २०२० च्या जानेवारींत केरळमधून नेपाळच्या सहलीस गेलेल्या मंडळींपैकीं आठ जण, त्यांत चार मुलें, दामन ह्या थंड हवेच्या ठिकाणीं एका खोलींत गॅसची शेगडी लावून निजलीं. थंडीमुळें दारें-खिडक्या आंतून बंद होत्या. सकाळीं तीं आठहि जणें बेशुद्ध आढळलीं आणि त्यांतील एकहि वांचलें नाहीं.

तिसरा प्रसंग चाकांवरच्या घराचा. येथें आपल्या नियमाची कसोटीच लागते, कारण जागा अत्यंत लहान, बाहेर थंडी अत्यंत कडक, आणि रात्र मोठी. थोडें गणित करून पाहूं. आंतून साडेतीन मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच अशी गाडी घेतली, तर तिच्यांत साडेदहा घनमीटरांच्या आसपास हवा मावते. दोन किलोवॅट शक्तीची लहानशी शेगडी ताशीं सुमारें १५० ग्रॅम प्रोपेन जाळते. एक किलो प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारें १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे ही शेगडी ताशीं दोन घनमीटर हवेंतील प्राणवायु खाते. गाडी अगदीं हवाबंद असली तर पांच-सवापांच तासांत आंतील सारा प्राणवायु संपेल. परंतु संकट इतका वेळ थांबत नाहीं. शंभरांत एकवीसाचे अठरा भाग उरले कीं ज्योत बिघडूं लागते आणि विषारी वायु वाढूं लागतो. आणि हें घडावयास पाऊण तास पुरे होतो. आंत निजलेलीं माणसें त्याच हवेंत श्वास घेत असतात, तें वेगळेंच. मुलांनीं हें गणित आपल्या निजण्याच्या खोलीचीं मापें घेऊन पुन्हां करून पाहावें.

म्हणून अशा गाडींत जी शेगडी बसवावयाची, ती उघड्या ज्योतीची नसावी. ह्या कामासाठीं बंदिस्त कोठडीची शेगडी मिळते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. ज्योत एका बंद लोखंडी कोठडींत जळते. कोठडीला दोन नळ्या असतात. एका नळीनें ज्वलनाला लागणारी हवा गाडीच्या बाहेरून आंत येते, दुसरीनें जळालेला वायु परत बाहेर जातो. गाडींतील हवा त्या कोठडीच्या आंत मुळींच शिरत नाहीं. एक लहान पंखा तिला तापलेल्या कोठडीच्या बाहेरच्या अंगावरून फिरवितो आणि ती ऊन होऊन परत येते. भाकरी तव्यावर भाजते, पण चुलींतला धूर भाकरीला लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार होय. बाहेर जाणाऱ्या नळीचें तोंड खिडकीखालीं किंवा दाराजवळ नसावें, तें गाडीच्या तळाखालीं सोडून देऊं नये, आणि रात्रीं पडलेल्या बर्फानें तें बुजलें नाहीं ना, हें पाहावें. नळ्यांचे सांधे प्रवासाच्या हादऱ्यांनीं ढिले होतात. ते वेळोवेळीं तपासावे. बाजारांत उघड्या शेगड्याहि मिळतात आणि प्राणवायु कमी झाला कीं त्यांतील कांहीं आपोआप विझतात. ती सोय चांगली खरी, पण ती शेवटची राखण समजावी. तिच्या भरंवशावर निजूं नये.

ह्या गाडीच्या तळालाहि फट असूं नये. २०२४ च्या डिसेंबरांत केरळांतील वडकरा येथें रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अशाच एका गाडींत दोन माणसें मृत आढळलीं. आंत शेगडी नव्हती. गार हवेचें यंत्र चालविण्यासाठीं लावलेल्या जनित्राचा वायु तळांतील भोंकांतून आंत शिरला होता, असें तपासांत दिसून आलें. थंडी असो वा उष्मा, जेथें जळण जळतें तेथें त्याचा श्वास कोठें जातो, हें पाहिलेंच पाहिजे. याच कारणानें उभ्या मोटारीचें इंजिन चालू ठेवून कांचा लावून आंत झोंपणें हेंहि घातक आहे.

गॅसच्या टांकीविषयीं दोन गोष्टी सांगावयाच्या. पहिली, हा गॅस हवेपेक्षां जड आहे. प्रोपेन सुमारें दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट. गळाला तर तो वर न जातां पाण्यासारखा जमिनीवर साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून टांकी उभी, पक्की बांधलेली आणि राहण्याच्या जागेपासून पूर्ण वेगळ्या कपाटांत असावी, आणि त्या कपाटाच्या तळालाच बाहेर उघडणारें भोंक असावें. सांधा गळतो काय हें साबणाच्या पाण्यानें पाहावें, काडी ओढून कधींच नव्हे. दुसरी गोष्ट थंडीची. टांकींत हा पदार्थ द्रवरूप असतो आणि त्याची वाफ होऊन ती जळते. प्रोपेन उणे ४२ अंशांवरहि उकळतो. ब्यूटेन मात्र शून्य अंशाच्या आसपासच उकळणें थांबवितो. आपल्या घरच्या टांकींत ह्या दोहोंचें मिश्रण असतें. यवतमाळांत तें उत्तम जळतें, पण हिमालयांतील रात्रीं ब्यूटेन द्रवच राहतो आणि ज्योत मंदावते. म्हणून थंड देशांत प्रोपेन वापरतात. अशा वेळीं टांकीला विस्तवाची धग लावण्याचा मोह कोणीहि धरूं नये. तो साक्षात् मृत्यूशीं खेळ होय. हें सारें काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें. वाहनाच्या रचनेंत बदल करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणें परिवहन कार्यालयाची संमतीहि लागते.

उघड्या शेगडीचा आणखी एक दोष लहान पण त्रासदायक आहे. एक किलो प्रोपेन जळाला म्हणजे दीड लिटरांहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें निघतें. आठ तासांच्या रात्रींत सुमारें दोन लिटर पाणी त्या लहानशा जागेंत सुटतें, आणि थंड कांचांवर, पत्र्यावर, अंथरुणावर उतरतें. माणूस ऊब घ्यावयास जातो आणि ओल पदरीं पडते. बंदिस्त शेगडी हें पाणीहि बाहेर टाकते.

आतां ओळखण्याविषयीं. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें, म्हणून गळती नाकाला कळते. त्यामुळें वास नाहीं म्हणजे धोका नाहीं, अशी आपली संवय झाली आहे. कार्बन मोनॉक्साइडला ती लागू पडत नाहीं. त्याची सूचना देणारें लहान यंत्र मिळतें. गॅसचा बंब असलेल्या घरांत आणि चाकांवरच्या घरांत तें अवश्य असावें. हा वायु हवेइतकाच हलका-जड असल्यानें तें यंत्र निजणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर लावावें. गळतीची सूचना देणारें यंत्र निराळें असतें. तें मात्र जमिनीलगत लावावें लागतें. माणसाच्या अंगावरील खुणा अशा: डोकें जड होणें, घेरी, मळमळ, छातींत धडधड, पायांत बळ नसणें. ताप नसतां घरांतील सर्वांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें आणि अंगणांत गेल्यावर बरें वाटलें, तर शेगडीवर संशय घ्यावा.

असा प्रसंग आलाच तर प्रथम दारें-खिडक्या उघडाव्या, आणि माणसाला ओढून कां होईना, मोकळ्या हवेंत न्यावें. आंत जाणाऱ्यानें खोल श्वास घेऊन जावें व रेंगाळूं नये. एकास सोडवावयास गेलेला दुसराहि तेथेंच पडल्याचीं उदाहरणें आहेत. लागलीच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसेल तर ज्याला कृत्रिम श्वासाचें शिक्षण आहे त्यानें तो द्यावा. रुग्णालयांत गेल्यावर, खोलींत शेगडी होती हें डॉक्टरांना आधीं सांगावें, कारण उपचार त्यावर अवलंबून असतो. साध्या हवेंत ह्या विषाचें रक्तांतील प्रमाण निम्मे व्हावयास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिला तर तासा-दीड तासांत तेंच काम होतें. हल्लीं पुष्कळ घरीं बोटाला लावून प्राणवायु मोजण्याचें लहान यंत्र असतें. ह्या विषबाधेंत त्याच्यावर मुळींच विसंबूं नये. त्याला प्राणवायु भरलेली गाडी आणि विष भरलेली गाडी यांतील भेद कळत नाहीं, आणि मरणाच्या दारीं असलेल्या माणसाचा आंकडाहि तें चांगला दाखवूं शकतें.

पालकांस विनंती एवढीच कीं, थंडीच्या तोंडावर एकदां आपल्या घरांतील प्रत्येक विस्तवाचा श्वास कोठून येतो आणि कोठें जातो हें स्वतः फिरून पाहावें. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, घरीं आजी शेगडी आंत नेऊं लागली तर तिला हटकूं नये, तिच्याशीं वाद घालूं नये. तिच्या जवळ बसावें, निखाऱ्यावरची निळी ज्योत तिला दाखवावी, ती काय आहे हें सांगावें, आणि उठून खिडकी उघडावी. आणि आपलें घर सुरक्षित झालें म्हणजे कर्तव्य संपलें असें मानूं नये. बांधकामावर रात्र काढणारा राखणदार, जिनिंगच्या आवारांत पत्र्याच्या खोलींत निजणारा परगांवचा मजूर, ऊसतोडीस गेलेलें कुटुंब, यांच्यापाशीं रजई नसते म्हणून ते निखारे आंत घेतात. त्यांना उपदेश करावयास जातांना हातांत एक जुनी पण धड रजई असावी. शेजाऱ्यावर आपणांसारखी प्रीति करावी असें आपण ह्या शाळेंत शिकतों. पौषांतील थंडगार रात्र ही ती शिकवण आचरणांत आणण्याची उत्तम वेळ आहे.